मुक्त ऑपरेटिंग सिस्टीममध्ये बंदिस्त फर्मवेअर: डेबियनने आखलेली सीमा आपल्याला मान्य आहे का?

सह्यवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या बाराव्या आवृत्तीपासून या प्रकल्पाच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्येच बंदिस्त फर्मवेअर (उपकरणाच्या चिपमध्ये चालणारा, सोर्स कोड न दिलेला प्रोग्रॅम) असते. त्याआधी असे फर्मवेअर घातलेली आयएसओ (इन्स्टॉल करण्यासाठी उतरवायची फाइल) ‘अनधिकृत’ म्हणून वेगळ्या ठिकाणी ठेवली जाई आणि नवख्या माणसाला ती सहजासहजी सापडत नसे. स्वातंत्र्याच्या बाबतीत अतिशय काटेकोर समजल्या जाणाऱ्या एका मोठ्या डिस्ट्रोने (लिनक्सच्या वितरणाने) हे पाऊल उचलल्यावर काहींनी तत्त्वांना तिलांजली दिल्याचा आरोप केला, तर काहींनी फार उशिरा शहाणपण सुचले असे म्हटले. मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. माझ्या मते निर्णय योग्य आहे. मात्र तो अपवाद म्हणूनच योग्य आहे, आणि त्या अपवादाला घातलेल्या मर्यादा टिकल्या तरच तो योग्य राहील. या मर्यादा कोणत्या असाव्यात, यावर साधकबाधक चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांनी हा इतिहास पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये डेबियन सुरू केले आणि १९९७ मध्ये प्रकल्पाने आपला सामाजिक करार स्वीकारला. त्याच्या पहिल्या कलमानुसार डेबियन शंभर टक्के मुक्त राहील. चौथ्या कलमानुसार प्रकल्पाचे प्राधान्य वापरकर्ते आणि मुक्त सॉफ्टवेअर या दोघांना राहील. पाचवे कलम मान्य करते की काही वापरकर्त्यांना मुक्त नसलेले सॉफ्टवेअरही लागते, आणि त्यासाठी ‘मेन’ या मुख्य भांडाराबाहेर ‘कॉन्ट्रिब’ व ‘नॉन-फ्री’ असे विभाग ठेवते. हे विभाग डेबियनच्याच सर्व्हरवर असले तरी डेबियन सिस्टीमचा भाग मानले जात नाहीत. २००४ च्या मार्चमध्ये ‘नॉन-फ्री’ विभाग बंद करण्याचा प्रस्ताव मतदानाला आला आणि फेटाळला गेला. म्हणजे बंदिस्त सॉफ्टवेअर गरजूंना उपलब्ध करून द्यायचे, पण त्याला आपले म्हणायचे नाही, ही भूमिका जुनीच आहे.

फर्मवेअरचा पेच मात्र वेगळा होता. वायफाय, ग्राफिक्स, ध्वनी अशा चिपच्या आत स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो आणि त्यावर चालणारा प्रोग्रॅम पूर्वी बहुधा त्या चिपसोबतच्या रॉममध्ये कायमचा बसवलेला असे. पुढे उत्पादकांनी खर्च वाचवण्यासाठी आणि नंतर दुरुस्त्या पाठवता याव्यात म्हणून ही साठवण काढून टाकली, आणि संगणक सुरू होताना ड्रायव्हरने (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) एक फाइल चिपमध्ये भरायची, अशी पद्धत रूढ झाली. ड्रायव्हर मुक्त, पण त्याने भरायच्या फाइलचा सोर्स कोड उत्पादकाबाहेर कुणाकडेच नाही, अशी ही अवस्था आहे. सामाजिक करार भांडारातील प्रत्येक गोष्टीला लागू होतो, मग तो प्रोग्रॅम असो, दस्तऐवज असो वा फर्मवेअर, हे २००४ च्या दुरुस्तीने स्पष्ट झाले. त्याची तत्काळ अंमलबजावणी केली तर पुढची आवृत्तीच अडकून पडेल, म्हणून २००४, २००६ आणि २००८ मध्ये मतदान घेऊन प्रत्येक वेळी प्रश्न पुढे ढकलला गेला. अखेर २०११ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीत कर्नलमधून (सिस्टीमच्या गाभ्यातून) असे सर्व फर्मवेअर बाहेर काढून ‘नॉन-फ्री’ विभागात हलवण्यात आले.

त्यानंतरच्या दशकात हार्डवेअर नेमके उलट्या दिशेने गेले. लॅपटॉपमधून इथरनेटचे पोर्ट नाहीसे होऊ लागले. वायफायला फर्मवेअर हवे, फर्मवेअर मिळवायला नेटवर्क हवे आणि नेटवर्कला पुन्हा वायफाय हवे, अशा चक्रात अधिकृत इन्स्टॉलर सापडला. २०२२ च्या एप्रिलमध्ये, आयएसओ तयार करण्याचे काम अनेक वर्षे सांभाळणाऱ्या स्टीव्ह मॅकिंटायर यांनी हा विषय जाहीरपणे मांडला आणि त्याच वर्षी मतदान झाले. सामाजिक करार बदलायला तीनास एक असे बहुमत लागते. ते मिळाले, आणि ज्या हार्डवेअरला फर्मवेअरची गरज आहे त्यावर डेबियन चालावे यासाठी अधिकृत माध्यमांत असे फर्मवेअर ठेवता येईल, या आशयाचे वाक्य पाचव्या कलमात आले.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही असे मला वाटते. फर्मवेअरसाठी ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ असा स्वतंत्र विभाग तयार झाला. पूर्वी केवळ वायफाय चालावे म्हणून ‘नॉन-फ्री’ विभाग सुरू करणाऱ्या माणसाच्या संगणकावर त्या विभागातील इतर शेकडो पॅकेजेसही एका आज्ञेच्या अंतरावर येऊन बसत. आता तसे होत नाही. शिवाय कोणते फर्मवेअर वापरले गेले याची माहिती वापरकर्त्याला देणे, तिची नोंद त्याच्या सिस्टीममध्ये ठेवणे आणि ज्याला नको असेल त्याला सुरुवातीलाच नकार देता येणे, या गोष्टी ठरावातच लिहिलेल्या आहेत. अपवादाच्या मर्यादा म्हणतो त्या मला इथे दिसतात.

आपली मते जरूर मांडा.

काळीमाती

धागाकर्त्यांनी विषय नेटकेपणाने मांडला आहे, तरीही मी त्यांच्या निष्कर्षाशी सहमत नाही.

मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सोयीसाठी सुरू झालेली नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला तेव्हा त्यांच्याकडे चालू सिस्टीमही नव्हती. होता तो फक्त हा आग्रह, की प्रोग्रॅम चालवण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य वापरकर्त्याकडे असले पाहिजे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन आजही डेबियनची शिफारस करत नाही. ट्रिस्क्वेल, पॅराबोला, ग्विक्स अशा ज्या मोजक्या डिस्ट्रोंची ती शिफारस करते, त्यांत बंदिस्त फर्मवेअर वगळलेले लिनक्स-लिब्रे कर्नल वापरले जाते. त्या डिस्ट्रो थोड्या लोकांपर्यंत पोहोचतात हे खरे, पण निदान त्यांच्याकडे पाहून पूर्ण मुक्त सिस्टीम कशी असते हे दाखवता येते.

माझा मुख्य आक्षेप दबावाबद्दल आहे. नकार दिल्यामुळे गोष्टी मुक्त झाल्या, याची ठळक उदाहरणे आपल्या इतिहासात आहेत. केडीई हा डेस्कटॉप १९९६ मध्ये सुरू झाला तो ‘क्यूट’ या लायब्ररीवर, आणि तेव्हा त्या लायब्ररीचा परवाना मुक्त नव्हता. डेस्कटॉप सुंदर होता, लोकांना हवा होता, आणि ‘चालते आहे ना, मग काय हरकत आहे’ असे म्हणणारे तेव्हाही पुष्कळ होते. तरीही १९९७ मध्ये काही मंडळींनी नोम हा पर्यायी डेस्कटॉप उभारायला घेतला, आणि १९९८ मध्ये डेबियनने परवान्यातील विसंगतीमुळे केडीई आपल्या भांडारातून काढून टाकला. २००० च्या सप्टेंबरमध्ये ट्रोलटेक कंपनीने क्यूट जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुली केली. तेव्हा सगळ्यांनी जुळवून घेतले असते, तर ती खुली करण्याची निकड कंपनीला वाटली असती का, याचा विचार व्हावा.

फर्मवेअरमध्येही हे घडले आहे. अथेरॉसच्या काही यूएसबी वायफाय चिपचे फर्मवेअर २०१३ मध्ये सोर्स कोडसह मुक्त झाले. म्हणजे हे अशक्य नाही. पण ज्या दिवशी मोठी डिस्ट्रो फर्मवेअर स्वतःहून, न विचारता भरू लागते, त्या दिवशी उत्पादकाच्या दृष्टीने प्रश्नच संपतो. आपले हार्डवेअर लिनक्सवर चालते असे तो छापू शकतो, आणि खरेदी करणाऱ्यालाही ही चिप मुक्त नाही हे कधी जाणवत नाही. ‘माहिती दिली जाते’ असे धागाकर्ते म्हणतात. इन्स्टॉलरच्या नोंदी उघडून वाचणारे किती असतील?

नीरा

काळीमाती, आपला दबावाचा मुद्दा मला मोलाचा वाटतो, पण त्या दबावाची किंमत कोण मोजत होते, हेही पाहिले पाहिजे.

मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसोबत काम करते. डेबियनचा इन्स्टॉलर आवाजाच्या साहाय्याने वापरता येतो. मेनूमधला पर्याय निवडला की स्क्रीनवरील प्रत्येक ओळ वाचून दाखवली जाते. पण अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये ध्वनीच्या चिपलाच फर्मवेअर लागते. ते नसेल तर इन्स्टॉलर मुका होतो. डोळस माणसाला निदान ‘अमुक फाइल सापडली नाही’ ही ओळ वाचता येते, मग तो दुसऱ्या संगणकावरून ती फाइल पेनड्राइव्हवर आणू शकतो. न दिसणाऱ्या माणसाला संगणक बिघडला आहे, की बंद आहे, की काही विचारतो आहे, यांतले काहीच कळत नाही. २०२२ च्या चर्चेत मॅकिंटायर यांनी हा मुद्दा स्पष्टपणे मांडला होता.

स्वतः निवडलेला त्याग आणि दुसऱ्यावर लादलेली अडचण यांत फरक आहे. ज्याला सवड आहे, ज्ञान आहे आणि दुसरा संगणकही आहे, त्याने पूर्ण मुक्त सिस्टीमचा आग्रह धरावा, मी त्याचा आदर करीन. पण त्या आग्रहाची किंमत म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना स्वतःचा संगणक स्वतः उभारण्याचे स्वातंत्र्य नाकारले जात असेल, तर तेही स्वातंत्र्यच आहे हे विसरू नये.

दीपमाळ

यात सुरक्षेची बाजू जोडतो.

प्रोसेसरमध्ये मायक्रोकोड नावाचा थर असतो. तो कारखान्यातूनच प्रोसेसरमध्ये आलेला असतो आणि तो बंदिस्तच असतो. ऑपरेटिंग सिस्टीम फक्त त्याची नवी आवृत्ती संगणक सुरू होताना भरू शकते. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या त्रुटी जाहीर झाल्या, तेव्हा स्पेक्टरच्या एका प्रकारापासून बचाव करण्यासाठी अनेक प्रोसेसरांना नवा मायक्रोकोड लागला. त्या वेळी डेबियनमध्ये इंटेल आणि एएमडी या दोन्हींच्या मायक्रोकोडची पॅकेजेस ‘नॉन-फ्री’ विभागात होती. ज्यांनी तत्त्व म्हणून तो विभाग बंद ठेवला होता, त्यांचा संगणक त्यामुळे अधिक मुक्त झाला नव्हता. त्यात बंदिस्त मायक्रोकोड होताच. फक्त जुना आणि सदोष.

म्हणून ‘घ्यावे की घेऊ नये’ असा सरसकट प्रश्न मला चुकीचा वाटतो. ग्राहकाने बंदिस्त चिप विकत घेतली त्याच क्षणी बंदिस्त कोड घरात आला. उरतो तो एवढाच प्रश्न, की त्याची दुरुस्ती घ्यायची की नाही.

येथे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या भूमिकेतील एक अडचण नोंदवतो. हार्डवेअरला प्रमाणपत्र देण्याच्या त्यांच्या निकषांत, दुय्यम प्रोसेसरमध्ये आधीच बसवलेल्या आणि ग्राहकाने बदलणे अपेक्षित नसलेल्या सॉफ्टवेअरला सूट आहे. म्हणजे तोच कोड रॉममध्ये गाडला तर चालतो, फाइल म्हणून समोर ठेवला तर चालत नाही. याचा परिणाम उत्पादकाने कोड लपवावा असा होतो, आणि उलटतपासणी करू पाहणाऱ्या संशोधकाला डिस्कवरची फाइल रॉमपेक्षा कितीतरी सोयीची असते.

काळीमाती

दीपमाळ, त्या सवलतीमागे कारण आहे आणि ते समजून घेणे गरजेचे आहे. रॉममधला कोड उत्पादकालाही बदलता येत नाही आणि वापरकर्त्यालाही नाही. दोघे समान पातळीवर असतात. फाइल म्हणून येणारा कोड उत्पादक हवा तेव्हा बदलू शकतो, वापरकर्ता नाही. प्रश्न कोड दिसण्याचा नसून तो बदलण्याची सत्ता कुणाकडे आहे याचा आहे.

ही सत्ता आता अधिक घट्ट होत आहे. एनव्हिडियाच्या २०१४ मधील दुसऱ्या पिढीच्या मॅक्सवेल कार्डांपासून चिप फक्त कंपनीची डिजिटल स्वाक्षरी असलेले फर्मवेअर स्वीकारते. ‘नूव्हो’ हा मुक्त ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी आधीच्या कार्डांसाठी स्वतः फर्मवेअर लिहिले होते. या नव्या कार्डांवर तो मार्गच बंद झाला, आणि कार्डाचा वेग नियंत्रित करता न आल्यामुळे हा ड्रायव्हर अनेक वर्षे संथ राहिला. पुढे २०२२ च्या मे महिन्यात कंपनीने आपल्या कर्नल ड्रायव्हरचा सोर्स कोड खुला केला, आणि त्याचे सर्वत्र स्वागत झाले. पण तो फक्त ट्युरिंग आणि नंतरच्या कार्डांसाठी आहे, कारण त्या कार्डांवर जीएसपी नावाचा स्वतंत्र प्रोसेसर असतो आणि ड्रायव्हर पूर्वी जी कामे करीत असे त्यांपैकी बरीच आता त्या प्रोसेसरवरील बंदिस्त फर्मवेअर करते. त्या फर्मवेअरचे आकारमान काही कोटी बाइटांत मोजावे लागते.

धागाकर्त्यांना माझा प्रश्न असा आहे. अपवाद ‘फर्मवेअर’ या प्रकाराला दिला, आणि उद्या प्रत्येक उत्पादकाने आपला बंदिस्त ड्रायव्हर त्याच प्रकारात हलवला, तर आपल्या मर्यादेचे काय होईल? मर्यादा तुम्ही आखलीत, पण तिच्या आत किती मावेल हे उत्पादक ठरवणार.

सह्यवाट (धागाकर्ता)

काळीमाती, हा या धाग्यातील सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. एनव्हिडियाचे उदाहरण खरे आहे. अपवादाचा आकार उत्पादकांच्या हातात आहे, हेही मान्य करतो.

तरीही दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात असे मला वाटते. पहिली, कोड कुठे चालतो. बंदिस्त ड्रायव्हर कर्नलमध्ये, आपल्या मुख्य प्रोसेसरवर, सर्वोच्च अधिकारांनिशी चालतो. त्यातील दोष कर्नलचा विकासक शोधू शकत नाही, म्हणूनच असे मॉड्यूल भरले की लिनक्स कर्नल स्वतःला ‘टेंटेड’ म्हणून चिन्हांकित करते आणि विकासक अशा सिस्टीमच्या तक्रारी सहसा हाती घेत नाहीत. कोड चिपच्या आत गेला की कर्नल आणि चिप यांच्यामधला संवाद मुक्त ड्रायव्हरमध्ये वाचता येतो. नूव्होच्या मंडळींना नव्या कार्डांवर पुन्हा प्रगती करता आली ती हा संवाद उघडा झाल्यामुळेच. हे पूर्ण स्वातंत्र्य नाही, पण आधीच्या स्थितीपेक्षा ते अधिक आहे. ओपनबीएसडी हा प्रकल्प तर बंदिस्त ड्रायव्हरच्या विरोधासाठी प्रसिद्ध आहे. कर्नलमध्ये तो असा कोड मुळीच घेत नाही, पण मुक्तपणे वाटता येणारे फर्मवेअर चालवून घेतो. त्यांनीही सीमा याच जागी आखली आहे.

दुसरी गोष्ट परवान्याची. फर्मवेअर बदलता येत नसले तरी ते वाटण्याची परवानगी कायमची आहे का, हे पाहिले पाहिजे. याचा धडा जावाने दिला आहे. सन कंपनीने २००६ मध्ये लिनक्स डिस्ट्रोंना बंदिस्त जावा वाटता यावे म्हणून खास परवाना दिला, आणि ती पॅकेजेस डेबियनच्या ‘नॉन-फ्री’ विभागात आली. २०११ मध्ये ओरॅकलने तो परवाना मागे घेतला. डिस्ट्रोंना सुरक्षा दुरुस्त्या देता येईनात आणि पॅकेजेस काढून टाकावी लागली. सुदैवाने तोवर ओपनजेडीके हा मुक्त पर्याय तयार होता. बिटकीपरचे तेच झाले. लिनक्स कर्नलच्या विकासासाठी २००२ पासून वापरात असलेल्या, कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या या बंदिस्त साधनाची विनामूल्य परवानगी २००५ मध्ये काढून घेतली गेली, आणि लिनस टोरवाल्ड्स यांना गिट लिहिणे भाग पडले. गिट मिळाले हे आपले भाग्य, पण जगातील एका मोठ्या मुक्त प्रकल्पाचे रोजचे काम एका कंपनीच्या मर्जीवर चालत होते ही वस्तुस्थिती त्याने बदलत नाही.

म्हणून अ‍ॅप्लिकेशन, विकासाची साधने, लायब्ररी आणि कर्नल मॉड्यूल यांच्या बाबतीत मी काळीमाती यांच्याइतकाच कडवा आहे. उबुंटू या डिस्ट्रोप्रमाणे इन्स्टॉल करतानाच एका खुणेसरशी बंदिस्त ग्राफिक्स ड्रायव्हर आणि कोडेक (ध्वनी-चित्रफिती चालवणारे घटक) टाकून देणे मला डेबियनमध्ये नको आहे. फेडोराने फर्मवेअर घेतले, पण पेटंटच्या कचाट्यातील कोडेक आणि बंदिस्त ड्रायव्हर आपल्या मुख्य भांडाराबाहेर ठेवले, ती भूमिका मला जवळची वाटते.

ओवी

मी शासकीय आणि शालेय वापराच्या अंगाने लिहिते, कारण आपल्याकडे हा प्रश्न तिथे सर्वाधिक भेटतो.

सी-डॅकने तयार केलेली बॉस ही भारतीय डिस्ट्रो डेबियनवरच आधारलेली आहे. केरळमधील शाळांचे संगणक शिक्षण कित्येक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालते. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. पण धोरण काहीही असले तरी तालुक्याच्या शाळेत देणगीतून आलेल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या लॅपटॉपवर वायफाय चालले नाही, तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी विंडोजची चोरटी प्रत टाकून मोकळे होते. मग फर्मवेअरसकट सगळेच बंदिस्त होते. काळीमाती यांच्या दबावाच्या सिद्धांतात हा ग्राहक बसत नाही, कारण तो हार्डवेअर निवडतच नाही. त्याला मिळेल ते घ्यावे लागते.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि तो मराठी माणसाला चटकन पटेल. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडचे देवनागरी टंकलेखन बंदिस्त फॉन्टवर चालत असे आणि प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी निराळी होती. त्या काळातल्या अंकांच्या, पुस्तकांच्या आणि कार्यालयीन टिपणांच्या फाइली आजही अनेकांकडे पडून आहेत. तो विशिष्ट फॉन्ट नसेल तर त्या उघडल्यावर निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. रूपांतर करणारी साधने आहेत, पण जोडाक्षरे आणि रफार यांच्यापाशी ती हमखास अडखळतात. सॉफ्टवेअर बंदिस्त होते, म्हणून त्यात लिहिलेला आपला मजकूरही बंदिस्त झाला. पुढे लोहितसारखे मुक्त फॉन्ट आले, डिस्ट्रोंमध्ये समाविष्ट झाले आणि युनिकोडमधला मराठी मजकूर कोणत्याही संगणकावर वाचता येऊ लागला.

यावरून मी माझ्यापुरता एक निकष काढते. बंदिस्त वस्तू बदलली किंवा नाहीशी झाली, तर माझे काम माझ्याकडे राहते का? वायफायचे फर्मवेअर गेले तर मी दुसरे कार्ड घालीन. माझा एकही दस्तऐवज त्यात अडकलेला नाही. बंदिस्त अ‍ॅप्लिकेशन, बंदिस्त फाइल स्वरूप किंवा बंदिस्त फॉन्ट गेला तर माझे लेखनच त्याच्यासोबत जाते. मुक्त सिस्टीमने दुसऱ्या प्रकाराला कधीही आधार देऊ नये, आणि पहिल्या प्रकाराशी नाइलाजाने जुळवून घ्यावे.

सह्यवाट (धागाकर्ता)

ओवी, हा निकष मी मांडलेल्या ‘कोड कुठे चालतो’ या निकषापेक्षा नेमका आहे. जावा आणि बिटकीपर यांची उदाहरणे देताना मला जे म्हणायचे होते, ते आपण अधिक स्पष्ट केलेत.

काळीमाती

ओवी यांचा निकष चांगला आहे, तरी त्यात एक उणीव राहते. वायफायच्या फर्मवेअरमध्ये माझा दस्तऐवज साठवलेला नसतो, पण माझा प्रत्येक संदेश त्यातून जातो. संगणकात पीसीआय एक्स्प्रेस या जोडणीवर बसवलेले उपकरण संगणकाच्या मेमरीपर्यंत थेट पोहोचू शकते; त्याला आयओएमएमयू या मेमरीवर पहारा ठेवणाऱ्या यंत्रणेने वेसण घालता येते, पण ती प्रत्येक संगणकावर चालू असेलच असे नाही. म्हणजे फर्मवेअरवर विश्वास ठेवावाच लागतो. तो ठेवण्यावाचून पर्याय नसणे आणि तो विश्वास योग्य असणे, या दोन गोष्टी एक नाहीत.

तरीही चर्चेनंतर माझी भूमिका नेमकी करतो. नीरा यांच्या विद्यार्थ्यांसाठी आणि ओवी यांच्या शाळांसाठी अधिकृत आयएसओमध्ये फर्मवेअर असावे, याला माझा विरोध नाही. माझी मागणी दोन गोष्टींची आहे. त्या मतदानात निवडून आलेल्या पर्यायाने फर्मवेअर नसलेली जुनी आयएसओ बंद केली. दोन्ही प्रकारच्या आयएसओ ठेवाव्यात असे सुचवणारा पर्यायही मतपत्रिकेवर होता, आणि तोच निवडून यायला हवा होता असे मी आजही मानतो. दुसरे, इन्स्टॉलरने शेवटी एका साध्या पडद्यावर, नोंदींच्या फाइलमध्ये नव्हे, सांगावे की आपल्या संगणकाला ही ही बंदिस्त फर्मवेअर लागली आणि ती या या कंपनीची आहेत. पुढचा लॅपटॉप घेताना ही यादी माणसाला आठवली, तर दबावाचे काम थोडे तरी होईल.

दीपमाळ

दुसऱ्या मागणीला पूर्ण पाठिंबा. पहिलीला नाही. दोन आयएसओ ठेवल्या की नवखा माणूस चुकीची उतरवतो, आणि चाचणी करणाऱ्या मोजक्या स्वयंसेवकांचे श्रम दुप्पट होतात. एकाच आयएसओमध्ये नकाराची सोय असणे पुरेसे आहे.

शिवाय ‘माहिती देणे’ हे केवळ इन्स्टॉलरपुरते राहू नये. २०१५ मध्ये डेबियनमधील क्रोमियम ब्राउझर सुरू झाल्यावर आवाज ओळखणारा एक बंदिस्त घटक इंटरनेटवरून गुपचूप उतरवून घेत असल्याचे उघड झाले होते. तक्रार आल्यावर ते बंद करण्यात आले. असा कोड कोणत्याही विभागात नोंदलेला नसतो, त्याचा परवाना कुणी तपासलेला नसतो. राजरोस वेगळ्या विभागात ठेवलेल्या फर्मवेअरपेक्षा मला त्याची भीती अधिक वाटते.

पायवाटसरू

सर्व प्रतिसाद लक्षपूर्वक वाचले. एक व्यावहारिक शंका आहे. माझ्याकडे डेबियन ११ होते आणि मी ते नव्याने इन्स्टॉल न करता अद्ययावत करून १२ वर आणले. माझ्या जुन्या यादीत ‘नॉन-फ्री’ विभाग सुरू होता. मला वेगळे काही करावे लागेल का? आणि माझ्या संगणकावर नेमके काय बंदिस्त आहे हे कसे पाहावे?

दीपमाळ

होय, करावे लागेल, आणि हे अनेकांच्या नजरेतून सुटते. फर्मवेअर व मायक्रोकोडची पॅकेजेस ‘नॉन-फ्री’ मधून ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ मध्ये हलली आहेत. आपल्या एपीटीच्या (पॅकेजेस आणणाऱ्या साधनाच्या) सोर्सेस यादीत हा नवा विभाग जोडला नसेल, तर जुनी पॅकेजेस संगणकावर राहतात, सगळे व्यवस्थित चालते असे वाटते, पण त्यांच्या पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या येत नाहीत. मुख्य भांडार, सुरक्षा आणि अद्यतने या तिन्ही ओळींत नवा विभाग लिहा. इतर कोणतेही बंदिस्त पॅकेज वापरत नसाल तर त्याच वेळी ‘नॉन-फ्री’ काढून टाकता येईल.

काय बंदिस्त आहे हे पाहण्यासाठी ‘चेक-डीएफएसजी-स्टेटस’ नावाचे छोटे साधन डेबियनमध्येच आहे. पूर्वी ते ‘व्हीआरएमएस’ या नावाने ओळखले जाई. ते चालवले की मुक्त नसलेल्या पॅकेजेसची यादी मिळते. त्या यादीत कधी कधी ग्नू प्रकल्पाच्याच एखाद्या पुस्तिकेचे नाव दिसेल. घाबरू नका. अशा पुस्तिकांच्या परवान्यात काही परिच्छेद बदलू नयेत अशी अट असेल तर ते दस्तऐवज मुक्त मानायचे नाहीत, असे डेबियनने २००६ मध्ये मतदानाने ठरवले आहे. नियम फर्मवेअरला लावला तसाच मित्रांच्या पुस्तिकांनाही लावला.

आणि पुढे कधी नवे इन्स्टॉलेशन करताना बंदिस्त फर्मवेअर मुळीच नको असेल, तर इन्स्टॉलर सुरू होण्याआधी बूटच्या ओळीत ‘firmware=never’ हा पर्याय लिहा. मग इन्स्टॉलर ते शोधतही नाही.

पायवाटसरू

मनःपूर्वक आभार. यादी पाहिली: वायफायचे एक, ग्राफिक्सचे एक आणि मायक्रोकोड, एवढी तीनच नावे आली. नवा विभाग जोडला आणि ‘नॉन-फ्री’ काढून टाकला आहे.